हिरव्या दिव्याचा ठराव

धाकटीचं म्हणणं एवढंच होतं की काम पाच ओळींचं आहे. हे तिने ऑफिसात मॅडमना सांगितलं, घरी आईला सांगितलं आणि फोनवर थोरल्या बहिणीलाही सांगितलं. पुढे जे रामायण घडलं त्याला जबाबदार कोण, यावर इमारतीत अजून एकमत नाही. पण सुरुवातीला ते पाच ओळींचंच होतं, हे धाकटी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

ती ज्या कंपनीत होती तिला कंपनी म्हणायला मन मोठं लागायचं. चष्म्याच्या दुकानावरची एक लांबट खोली, सहा खुर्च्या, त्यातली एक अशी की मागे रेललं की माणूस छताकडेच बघत राहायचा. या खोलीत दवाखान्यांसाठी एक प्रोग्रॅम तयार होत असे. पेशंटने आल्यावर बटण दाबायचं, नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि तो नंबर भिंतीवरच्या पडद्यावर झळकेपर्यंत जुनी मासिकं चाळत बसायचं. या प्रोग्रॅममध्ये रोज कुणी ना कुणी काहीतरी बदलायचं. बदल झाला की पाच गोष्टी हाताने कराव्या लागत: नवा कोड आणायचा, तो जोडायचा, तपासायचा, एकत्र बांधायचा आणि दवाखान्याकडे पाठवायचा. हे करणारा माणूस जेवायला उठला की कंपनी थांबायची.

"या पाच पायऱ्या तू एकदाच नीट लिहून टाक," मॅडम म्हणाल्या. "मग यंत्र वाचेल आणि यंत्रच करेल. कुणी एक अक्षर बदललं तरी पुढचं सगळं आपोआप झालं पाहिजे. महिनाअखेरपर्यंत हे हात न लावता चाललं, की तू पर्मनंट."

धाकटीने लगेच होकार दिला. अडचण एकच होती. ती पर्मनंट झाल्याचं इमारतीत आधीच सगळ्यांना माहीत होतं.

ही करामत आईची. आई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. इमारतीत झाडून सगळे त्यांना 'बाई' म्हणत. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला कृपेचा अर्धा गुण दिला नव्हता. धाकटी त्यांच्याच वर्गात असताना एका गुणासाठी त्यांनी तिला नापास केलं होतं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर तिच्या डोक्यावरून हात फिरवत, "तुझ्या बाई जरा जास्तच कडक आहेत गं," असं म्हणून तिचं सांत्वनही केलं होतं. अशा बाईंनी खोटं बोलणं शक्यच नव्हतं. झालं इतकंच की समोरच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, "धाकटी पर्मनंट झाली का हो?" आणि लिफ्टने नेमका तेव्हाच धक्का दिल्यामुळे बाईंची मान हलली. ती उभी हलली. आडवी हलली असती तर ही गोष्टच घडली नसती.

तर धाकटीने पाच ओळी लिहिल्या. तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर त्या लोण्यासारख्या चालल्या. पण तिने कॉम्प्युटर बंद केल्यावरही काम चालायला हवं, म्हणजे सदैव जागं असणारं वेगळं यंत्र हवं. ऑफिसात तसं यंत्र नव्हतं. घरी थोरलीचा जुना लॅपटॉप होता. त्याची मान मोडली होती, त्यामुळे त्याला भिंतीला टेकवूनच बसवावं लागे. धाकटीने त्याला बोळकांडीत चपलांच्या कपाटावर बसवला आणि पाच ओळी त्याच्या हवाली केल्या.

लॅपटॉपने पहिल्या ओळीलाच हात वर केले. जे जे धाकटीच्या कॉम्प्युटरवर न सांगता हजर होतं, त्यातलं त्याच्याकडे काहीच नव्हतं. ते एकेक आणून बसवताना पाच ओळींच्या अकरा झाल्या. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसातून पाहते तो यंत्राचा पत्ताच नाही. घरी फोन केला.

"आई, लॅपटॉप बंद आहे का?"

"मीच बंद केला. रिकामाच चालू होता."

"रिकामा नाही गं, तो वाट बघतोय! कुणी कोड बदलला की काम करणार."

"मग काम आल्यावर उठवू त्याला. आत्तापासून कशाला ताटकळत ठेवायचं?"

आईने त्याला पुन्हा चालू केलं. पण आत घड्याळ सांभाळणारी बारकी बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळे डोळे उघडल्यावर लॅपटॉपला वाटलं की आपण बारा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आहोत. त्या समजुतीत त्याने प्रोग्रॅम तपासला आणि एकूण एक अपॉइंटमेंट चुकीची ठरवली. धाकटीने उठल्या उठल्या घड्याळ लावून घेण्याची ओळ घातली. बारा ओळी. मग आईने फडकं मारताना वायर निघाली. वायर निघाली तर पुन्हा प्रयत्न करण्याची ओळ. आता एकूण किती झाल्या ते धाकटीने मोजणं सोडून दिलं.

"तो कधी काम करतोय आणि कधी बसलाय, मला कळायला नको का?" आई म्हणाली. तिचंही बरोबर होतं. म्हणून धाकटीने रंग बदलणारा एक दिवा आणला आणि लॅपटॉपला सांगितलं: काम चालू असेल तर पिवळा, सगळ्या पायऱ्या पार पडल्या तर हिरवा, एक जरी अडखळली तरी लाल. दिवा बोळकांडीत लावायचा होता, पण तिथे वायफाय पोहोचेना. लॅपटॉपचं वायरीवर भागत होतं, दिव्याचं भागेना. बैठकीत लावला तर आईच्या डोळ्यांवर यायचा. शेवटी तो गॅलरीत, कपडे वाळत घालण्याच्या दोरीच्या आकड्याला टांगला गेला.

आणि तिथून धाकटीच्या नोकरीची परीक्षा जाहीर झाली.

समोरच्या काकूंची गॅलरी इतकी जवळ होती की इकडे शिंकलं तर तिकडून उत्तर यायचं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, "बाई, हे लाल काय लावलंय?"

"धाकटीचं ऑफिसचं काम आहे. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास."

"अगंबाई! किती विषयांत?"

दोन दिवसांत ही व्याख्या गच्चीपासून पार्किंगपर्यंत पोहोचली. धाकटी सकाळी लिफ्टमध्ये शिरली की लोक बोलायचे थांबत. मग कुणीतरी दुखवट्याच्या आवाजात म्हणे, "होईल, होईल. आमच्या भाच्याचंही दोनदा राहिलं होतं." इस्त्रीवाल्याने कपडे देताना दबक्या आवाजात विचारलं, "ताई, काल रात्री पिवळा होता ना, मला वाटलं आता होतोय. मग झोपलो मी." काकूंनी सल्ला दिला की सकाळी लवकर उठून कर, तेव्हा डोकं ताजं असतं. तळमजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर म्हणाले की मूळ पाया तपास. आणि इमारतीचे सचिव काका, ज्यांनी आयुष्यात लिफ्ट, पंप आणि जावई या तिन्ही गोष्टी एकाच उपायाने हाताळल्या होत्या, ते म्हणाले, "बंद करून चालू केलंस का?"

"त्यानेच तर बिघडतंय, काका!"

"नीट बंद केलं नसशील."

धाकटी विज्ञानाची पदवीधर होती. निरीक्षण, नोंद, निष्कर्ष यावर तिचा विश्वास होता. तिचं निरीक्षण असं, की दिवा आजवर जितक्या वेळा लाल झाला त्यातल्या एकाही वेळी प्रोग्रॅमची चूक नव्हती. कधी घड्याळ, कधी वायर, कधी फडकं. निष्कर्ष असा, की हा लॅपटॉप रडका आहे, त्याच्या रडण्याकडे लक्ष द्यायचं नाही. शास्त्रशुद्ध पद्धतीने माणूस किती सरळ खड्ड्यात जाऊ शकतो, याचा हा नमुना जपून ठेवण्यासारखा आहे.

महिना संपायला दोन दिवस असताना सचिव काकांनी पार्किंगमध्ये सभा बोलावली. विषय एकच: दुसऱ्या मजल्यावरील गॅलरीतील लाल दिवा.

"माझ्या झोपायच्या खोलीत रात्रभर लाल उजेड येतो," काका म्हणाले. "आधीच दाढ ठणकते, त्यात डोळा लागत नाही. परवा अर्धवट झोपेत मला वाटलं, मी सिग्नलला उभा आहे. तासभर जागचा हललो नाही."

"पाहुण्यांना वाटतं आमच्याकडे काहीतरी धोका आहे," कुणीतरी म्हणालं.

"मला हिरवा चालतो," काकू म्हणाल्या. "हिरव्यात माझ्या कुंड्या छान दिसतात."

यावर चर्चा रंगली, आणि सभांच्या बाबतीत नेहमी होतं तसं, ज्याला त्यातलं काही कळत नव्हतं त्यानेच तोडगा काढला. सचिव काकांनी ठराव मांडला: दिवा राहू द्यावा, मात्र तो हिरवाच असावा.

धाकटी उभी राहिली. "काका, तो रंग मी ठरवत नाही."

"मग कोण ठरवतं?"

"प्रोग्रॅम बरोबर आहे की चूक, त्यावर ठरतं."

"मग त्याला बोलवा सभेला," काका म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

हात वर झाले. धाकटीने वळून आईकडे पाहिलं. आईचा हातही वर होता. अगदी खांद्यापर्यंतच, पण होता. धाकटीची नजर भिडताच तिने तो केस सारखे करायला नेला. तोवर मोजणी झाली होती.

घरी येऊन धाकटी लॅपटॉपसमोर चपलांच्या शेजारी बसली. दिवा काढून ठेवावा तर पर्मनंट लेकीच्या आईची शोभा. लाल ठेवावा तर ठरावाचा भंग. दोनच दिवसांचा प्रश्न होता. तिने पायऱ्यांच्या शेवटी एक ओळ वाढवली. अशी ओळ लिहिणाऱ्या प्रत्येकाने आजवर मनाशी 'तात्पुरती' हाच शब्द उच्चारलेला आहे. ती ओळ यंत्राला सांगत होती: मध्ये काहीही झालं तरी शेवटी 'यशस्वी' म्हण.

दिवा टपकन हिरवा झाला. समोरच्या गॅलरीतून टाळ्या आल्या. खालच्या मजल्यावरून कुणीतरी शिट्टी वाजवली. आईने डोळे पुसले आणि धाकटीकडे न बघता आत गेली.

धाकटीच्या डोक्यातून एकच गोष्ट निसटली होती. 'यशस्वी' हा शब्द फक्त दिवाच ऐकत नव्हता. तो शब्द ऐकला की पाचवी पायरी चालू व्हायची. पाठवायची.

सोमवारी सकाळी ऑफिसातल्या दाढीवाल्या सहकाऱ्याने एक छोटासा बदल केला. नंबर रोज सकाळी एकपासून सुरू व्हावेत, एवढाच. लॅपटॉपने तो आणला, जोडला, तपासला, आणि तपासणीत त्याला दिसलं की दुसऱ्या माणसालाही एक हाच नंबर मिळतोय. तो आतल्या आत किंचाळला. मग शेवटची ओळ वाचली, आज्ञाधारकपणे 'यशस्वी' म्हणाला आणि प्रोग्रॅम पाठवून दिला.

मॅडम स्वतः धाकटीच्या टेबलाशी आल्या. "कुणी हात लावला?"

"कुणीच नाही," धाकटी म्हणाली. तिच्या कानात सनया वाजत होत्या.

"आपोआप गेलं? वा! संध्याकाळी भेट मला. तुझं पर्मनंटचं उरकून टाकू."

नवा प्रोग्रॅम आधी एकाच दवाखान्यात जायचा, तिथे टिकला की मग इतरांकडे. तो एक दवाखाना दातांचा होता, आणि थोरलीचा होता. तिने बहिणीवर उपकार म्हणून ही जोखीम पत्करली होती. मॅडम वळल्या आणि धाकटीचा फोन वाजला.

"धाकटे," थोरली अत्यंत शांत आवाजात म्हणाली. ती इतकी शांत फक्त दाढ उपटायच्या आधी असते. "माझ्या दवाखान्यात सगळे पहिले आहेत."

"म्हणजे?"

"प्रत्येकाच्या चिठ्ठीवर एक नंबर. मी मघाशी पडद्यावर एक नंबरला बोलावलं आणि अख्खी खोली आत आली. माझ्या खुर्चीत आत्ता दोघं आहेत. तू ये."

धाकटी निघाली. वाटेत घर लागत होतं. आई खालीच भाजी निवडत काकूंशी बोलत उभी होती. लेकीचा चेहरा पाहून ती पिशवीसकट मागोमाग धावत निघाली.

दवाखान्यात कडाक्याचं भांडण पेटलं होतं, आणि गाल सुजल्यामुळे कुणालाच धड बोलता येत नव्हतं. एक बाई चिठ्ठी नाचवत म्हणत होत्या, "माझ्याकडे लेखी आहे!" पण लेखी सगळ्यांकडेच होतं. मधोमध सचिव काका, गालाला रुमाल बांधून, हातात एक नंबरची चिठ्ठी घेऊन उभे होते आणि पहिलं कोण यावर मतदान घेत होते. प्रत्येक उमेदवाराला एकेक मत पडलं होतं.

"शांत!" आई म्हणाली.

ती फार मोठ्याने बोलली नाही. पण त्या एका शब्दामागे तीस वर्षांचे वर्ग होते. सगळे खाली बसले. खुर्च्या कमी होत्या तरी बसले.

"कुणाला सगळ्यात जास्त दुखतंय? हात वर करा."

सगळे हात वर झाले.

"अस्सं. मग तपासून बघू." आईने कोपऱ्यातल्या फ्रिजमधून गार पाण्याची बाटली काढली आणि कागदी पेले भरून एकेकाच्या हातात दिले. "उन्हातून आलात. घ्या, प्या."

ज्यांनी शांतपणे पाणी संपवून पेला परत दिला, त्यांना तिने मागच्या ओळीत बसवलं. जे नुसते शहारले, ते मधल्या ओळीत. सचिव काकांनी सभ्यपणे एक मोठा घोट घेतला आणि असा सूर लावला की खालच्या रस्त्यावरचा स्कूटरवाला थांबला.

"काका पहिले," आई म्हणाली. "पुढचे ऐका." थोरलीने काकांना आत घेतलं.

धाकटी काउंटरच्या आडोशाला कॉम्प्युटर मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. तिने आधी थोरलीकडचा प्रोग्रॅम मागच्या वेळचा करून दिला. चिठ्ठ्यांवर एकापुढचे आकडे परत आले. मग तिने ती तात्पुरती ओळ उघडली. मागे आई येऊन उभी राहिली.

"ही कसली ओळ?"

"ही... म्हणजे नापास झालं तरी पास म्हणायचं. सभेपुरती."

"कृपागुण दिलेस तू?"

"तू हात वर केला होतास ना, आई!"

आईने पिशवीतली कोथिंबीर उगाच आत सारली. मग शेजारी जमिनीवर बसली. तिच्या गुडघ्यांचा आवाज झाला. "आधी लिफ्टमध्येही मीच मान हलवली होती," ती हळूच म्हणाली. "धक्का बसला हे खरं, पण मला थांबवता आली असती. लोक विचारतात गं. थोरलीचं सगळं वेळेवर झालं, म्हणून मला वाटलं..." आणि एकदम शाळेच्या आवाजात, "फोन लाव तुझ्या मॅडमना."

दाढीवाल्याचं नाव पुढे करण्याचा मोह धाकटीला झाला. त्याचीच तर चूक होती! पण ती चूक लॅपटॉपने पकडली होती. रडका म्हणून हिणवलेल्या लॅपटॉपने. सोडली तिनेच. तिने फोन लावला आणि सगळं सांगितलं. दिवा, ठराव, ओळ, एक नंबर. पलीकडून विचित्र आवाज आला. मॅडम हसत होत्या, आणि हसू आवरून रागावण्याचा प्रयत्न करत होत्या.

"सभेने ठराव केला? हिरव्याचा?" त्या म्हणाल्या. "हे बघ, पर्मनंट आज नाही. एक महिना आणखी. आणि पायऱ्या अशा लिही की कुणालाही, अगदी तुलासुद्धा, लाल असताना पाठवता येऊ नये. ते दाखव, मग बोलू."

"काय म्हणाल्या?" आईने विचारलं.

"फेरपरीक्षा," धाकटी म्हणाली.

संध्याकाळी गॅलरीतला दिवा उघडउघड लाल होता. आईने तो फडक्याने पुसला होता, त्यामुळे जास्तच लाल दिसत होता. समोरून काकूंनी चुकचुकत विचारलं, "अहो, पर्मनंट होऊनसुद्धा लालच?"

आईने कठडा घट्ट धरला. "झाली नाही अजून पर्मनंट. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. फेरपरीक्षा आहे," ती इतक्या खणखणीत म्हणाली की तीन मजले ऐकते झाले. "आणि दिवा लाल असेल तेव्हा लालच राहील."

सगळ्यांनी वर सचिव काकांच्या खिडकीकडे पाहिलं. काका खिडकीत होते. त्यांचा अर्धा चेहरा बधिर होता. त्यांनी तोंड उघडलं, "ह्फ... ठफाव..." असं काहीतरी म्हणाले आणि मग आईकडे पाहून त्यांना गार पाणी आठवलं असावं. त्यांनी नुसता हात हलवला. ठराव अशा रीतीने मागे घेतला गेला.

त्या आठवड्यात धाकटीने पायऱ्या नव्याने लिहिल्या. घड्याळाला नवी बॅटरी बसवली, वायर भिंतीला चिकटवली, आईला फडक्याची हद्द आखून दिली आणि लाल असताना पाचव्या पायरीला असं कुलूप घातलं की त्याची किल्ली तिच्याकडेही नव्हती. दाढीवाल्याने नंबरांची चूक दुरुस्त केली. रविवारी संध्याकाळी दिवा पिवळा झाला, बराच वेळ विचार करत राहिला आणि हिरवा झाला.

धाकटी टाळ्यांची वाट बघत गॅलरीत उभी राहिली. टाळी वाजली नाही. लोक दिव्याकडे डोळे बारीक करून बघत होते.

"खरा आहे," काकूंनी विचारलं, "की सभेचा?"

"खरा आहे, काकू! शपथ!"

"मागच्या वेळीही असाच दिसत होता."

आईने क्षणभर विचार केला. "धाकटे," ती म्हणाली, "एक काम कर. त्यात मुद्दाम एक चूक घाल."

"आत्ता? हिरवा झालाय, आई! किती मेहनतीने झालाय!"

"म्हणूनच. घाल."

धाकटी आत गेली. चपलांच्या कपाटापाशी उभ्या उभ्या तिने दुसऱ्या माणसाला पुन्हा एक नंबर दिला. दिवा पिवळा झाला. काकूंनी कुंड्यांना पाणी घालणं थांबवलं. इस्त्रीवाला हातात इस्त्री धरून रस्त्यावर आला. सचिव काका, गाल आता उतरलेला, खिडकीतून अर्धे बाहेर आले. लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. आईने धाकटीचा हात धरला.

दिवा लाल झाला.

आणि गॅलऱ्यांतून टाळ्यांचा असा कडकडाट झाला की लिफ्ट दोन मजल्यांमध्ये असताना आतल्या माणसानेही, काय झालं ते न कळता, टाळ्या वाजवल्या. "नापास केलं!" सचिव काका सगळ्यात मोठ्याने ओरडले. "स्वतःच्या मालकिणीला नापास केलं! वा रे पठ्ठ्या!" आईने एवढ्या लोकांसमोर तोंडाला पदर लावला, पण आतलं हसू बाहेर दिसतच होतं. तिच्या हाताखालून पार पडलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांत हा मोडक्या मानेचा लॅपटॉप तिला आता सगळ्यात जवळचा होता.

धाकटीने चूक काढली. दिवा पुन्हा हिरवा झाला. पण तोवर गॅलऱ्या रिकाम्या होत आल्या होत्या. काकूंनी झारी उचलली.

"काकू, बघा ना, हिरवा झाला!"

"आता त्यात काय बघायचं," काकू कुंड्यांकडे वळत म्हणाल्या, "आता तो खराच असणार."